चाचणीचा अहवाल मैदानापर्यंत पोहोचू द्या

मा. क्रीडामंत्री महोदय,
स. न. वि. वि.

क्रीडा प्रयोगशाळेसाठी निधी मंजूर होतो तेव्हा यादीत सर्वांत वर ट्रेडमिल आणि श्वासातले वायू मोजणारे यंत्र असते. शिबिराच्या सुरुवातीला सगळ्यांची चाचणी होते, व्हीओटू मॅक्सचा, म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते याचा, आकडा छापला जातो आणि अहवाल फायलीत जातो. उद्या सकाळी कोणत्या खेळाडूने किती वेगाने धावायचे, हे त्या आकड्यावरून प्रशिक्षकाला कळत नाही. आमचे म्हणणे इथूनच सुरू होते.

सहनशक्तीच्या खेळांत प्रशिक्षकाच्या हाती खरे काही देते ती लॅक्टेटची, म्हणजे जोराच्या श्रमात स्नायूंत तयार होऊन रक्तात उतरणाऱ्या पदार्थाची, टप्पेवार चाचणी. धावपटूसाठी चार-चार मिनिटांचे पाच-सहा टप्पे ठेवायचे आणि दर टप्प्याला वेग ताशी 1 किलोमीटरने वाढवायचा. टप्पा संपताच हृदयगती नोंदवायची आणि कानाच्या पाळीतून रक्ताचा थेंब घ्यायचा. लॅक्टेट मूळ पातळी सोडून वर सरकू लागते तो पहिला उंबरठा, झपाट्याने चढू लागते तो दुसरा. दुसऱ्यासाठी लिटरभर रक्तात 4 मिलिमोल हा आकडा सरसकट वापरतात. प्रत्यक्षात कुणाचा उंबरठा 3 च्या आसपास असतो, तर कुणाचा 5 च्या वर. प्रत्येकाचा आलेख वेगळा वाचण्याला पर्याय नाही.

चाचणी बिघडते ती बारीकसारीक गोष्टींनी. घामात रक्तापेक्षा जास्त लॅक्टेट असते. त्वचा नीट पुसून, पहिला थेंब टाकून दुसरा घेतला नाही तर आकडा फुगतो. आदल्या दिवशी कठोर सराव झाला आणि जेवण अपुरे पडले, तर स्नायूंतले ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, घटते आणि लॅक्टेट कमी तयार होते. मग थकलेला खेळाडू कागदावर सुधारलेला दिसतो. आम्हाला सर्वांत जास्त भीती याच चुकीची वाटते, कारण त्या समाधानात सरावाचा भार आणखी वाढवला जातो.

चाचणी बरोबर झाली तरी पुढचा प्रश्न उरतोच. क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल सहनशक्ती-खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे 80 टक्के सत्रे पहिल्या उंबरठ्याखाली, म्हणजे पूर्ण वाक्य सहज बोलता येईल अशा वेगात दिसली. शिबिरांत मात्र सगळे एकाच घोळक्यात धावतात. पुढच्याला जो वेग हलका, तोच मागच्याला उंबरठ्यावरचा. मागच्याचे पाय दुसऱ्या दिवशी जड होतात, इंटरव्हल, म्हणजे मध्ये विश्रांती घेत वेगाने धावण्याचे टप्पे, ठरल्या वेगाने होत नाहीत आणि ‘जिद्द कमी पडते’ असा शेरा त्याच्या वाट्याला येतो! कमाल हृदयगतीच्या ‘220 वजा वय’ या सूत्रानेही हे सुटत नाही; त्याची चूक सहज 10-12 ठोक्यांची असते. हलक्या दिवसाचे गट उंबरठ्याच्या वेगावरून पाडावेत, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

स्पर्धेआधीच्या दोन आठवड्यांत सरावाचे प्रमाण साधारण निम्म्यावर आणावे, तीव्रता मात्र तशीच ठेवावी. अनेकदा नेमके उलटे होते.

वजन घटवण्याबद्दल आम्ही कळकळीने लिहीत आहोत. सरावाच्या खर्चाइतके अन्न न मिळाल्यास शरीर हाडे, हार्मोन्स आणि प्रतिकारशक्ती यांवरचा खर्च कापते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने याबाबत 2014 मध्ये निवेदन काढले आणि 2023 मध्ये ते अद्ययावत केले. तरीही मासिक पाळी थांबणे हे चांगल्या तयारीचे लक्षण मानणारे आजही भेटतात. ते धोक्याचे लक्षण आहे. पुढे हाडांना ताणाच्या भेगा पडू शकतात.

म्हणून नवीन यंत्राआधी प्रत्येक केंद्रावर एक पूर्णवेळ शरीरक्रियातज्ज्ञ नेमावा, जो रोज सकाळी मैदानावर उभा असेल. लॅक्टेट मोजण्याच्या चाचणी-पट्ट्यांसाठी दरवर्षी वेगळी तरतूद हवी. पट्ट्या संपल्या की हातातले उपकरण निरुपयोगी होते. चाचणी दर सहा ते आठ आठवड्यांनी, त्याच वेळी, त्याच आहारानंतर व्हावी आणि दोन दिवसांत प्रशिक्षकाला एकच पान मिळावे: दोन्ही उंबरठ्यांचे दोन वेग, दोन हृदयगती. व्हीओटू मॅक्सवरून संघनिवड करू नये. पाळीच्या आणि आजारपणाच्या नोंदी खेळाडू व डॉक्टर यांच्यापुरत्याच राहतील, हेही त्याच आदेशात स्पष्ट लिहावे.

आपले,
व्यायाम-शरीरक्रियाशास्त्र आणि प्रशिक्षण क्षेत्रांत काम करणारे