उद्यमनगरातल्या मिस्त्रींना, मनापासून

आदरणीय मिस्त्री,

सादर नमस्कार.

"नाव कुठं लिहू नका," असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण पत्र मात्र सगळ्यांना वाचता येईल असंच लिहायचं ठरवलं. तुम्ही आमच्या गाडीचं इंजिन न उघडता वाचवलंत. ते कसं, हे गाडी वापरणाऱ्या आणखी चार लोकांना कळायला हवं.

आंबा घाट चढताना तापमानाचा काटा वर सरकायला लागला, तेव्हा भावाने गाडी बाजूला घेतली. इंजिन पूर्ण गार झाल्यावर कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, टाकीचं झाकण उघडलं, तर आत हिरव्या कूलंटऐवजी दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचा दाट राडा. पहिल्या गॅरेजात टाकीत डोकावून लगेच निकाल मिळाला : हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं, ऑइल, पाणी आणि वायू वेगळे ठेवणारं सील) गेलं, हेड उतरवावं लागेल. सांगितलेला खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा होता. आईला दर महिन्याला डोळ्यांच्या इंजेक्शनसाठी मलकापूरहून कोल्हापूरला आणावं लागतं, त्यामुळे गाडी नुसती उभी ठेवणंही परवडणारं नव्हतं. त्या अवस्थेत कुणीतरी शिवाजी उद्यमनगरात तुमच्याकडे जायला सांगितलं.

तुम्ही पहिलं वाक्य बोललात ते माझ्या अजून कानात आहे : "आधी बघूया, मग खोलूया. हेड एकदा उचललं की नवं गॅस्केट, नवे बोल्ट, फेसिंग म्हणजे हेड घासून सपाट करणं, सगळं मागोमाग येतंय."

आणि मग तुम्ही खरोखर बघितलंत. टाकीतला थोडा राडा चमच्याने काढून काचेच्या ग्लासातल्या गरम पाण्यात सोडलात. वेगवेगळ्या जातीचे कूलंट एकमेकांत मिसळले तरी असा चिकट गाळ होऊ शकतो, म्हणून आधी हे ऑइलच आहे ना, याची खात्री तुम्हाला हवी होती. हळूहळू पाण्यावर तवंग आला. तो बोटांत चोळून, वास घेऊन तुम्ही म्हणालात, "इंजिन ऑइल. आता कुठून आलं ते शोधायचं." डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, कोरड्या फडक्यावर पुसून पाहिलीत, ती स्वच्छ. तेवढ्यावर न थांबता रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या ऑइल चेंबरचा नट ढिला करून पहिले काही थेंब वाटीत धरलेत. पाणी असतं तर तळाशी बसून तेच आधी आलं असतं. तेही नव्हतं.

ऑइल पाण्यात गेलं, पण पाणी ऑइलमध्ये आलं नाही, हे कसं, असं मी विचारलं. तुम्ही हातातलं काम थांबवून समजावलंत. इंजिन चालू असताना ऑइलचं प्रेशर तीन-चार बारपर्यंत जातं आणि कूलंटचं साधारण एक-सव्वा बारच्या आत राहतं. त्यामुळे मधली भिंत फुटली की ऑइल पाण्यात घुसतं. इंजिन बंद केलं की चित्र उलटं होतं. ऑइलचं प्रेशर शून्यावर येतं, गरम कूलंटचं मात्र काही वेळ टिकून राहतं, आणि तेव्हा पाणी ऑइलमध्ये उतरू शकतं. म्हणूनच डिपस्टिक आज स्वच्छ असली तरी गाडी तशीच पळवत राहू नका, हेही तुम्ही बजावलंत.

मग निळ्या द्रवाची टेस्ट. टाकीच्या तोंडावर नळी बसवलीत आणि गरम इंजिनवर फुगा दाबत राहिलात. जळालेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर द्रवाचा रंग बदलतो. आमचा निळाच राहिला. मला हायसं वाटलं, पण तुम्ही लगेच थांबवलंत : "गॅस येत नाही, एवढंच कळलं. गॅस्केट ऑइलच्या वाटेवर फुटलं असेल तर ही टेस्ट बोलायची नाही." मला सगळ्यात जास्त आदर वाटला तो इथेच. आपल्याला हवा तसा निकाल हाती आला असतानाही तो किती पुरावा देतो आणि किती देत नाही, हे तुम्ही प्रामाणिकपणे सांगितलंत.

उरले दोन संशयित, गॅस्केट आणि ऑइल कूलर, म्हणजे कूलंटच्या मदतीने इंजिन ऑइल थंड करणारा भाग. कूलर फिल्टरच्या हाउसिंगला बाहेरून लावलेला असतो, म्हणून आधी तोच. पातळ पत्र्यांच्या थरांत एका बाजूने ऑइल, दुसऱ्या बाजूने पाणी, हे मी प्रथमच पाहिलं. ऑइलचं एक तोंड बंद करून दुसऱ्यातून हवा दिलीत आणि कूलर गरम पाण्याच्या घमेल्यात बुडवलात. बारीक चीर थंडीत मिटून राहते म्हणून गरम पाणी! थोडा वेळ काहीच नाही. मग पाण्याच्या नळीच्या तोंडातून एक बुडबुडा, पाठोपाठ दुसरा, आणि मग अखंड माळ. तुमच्या हाताखालचा मुलगा "सापडला!" म्हणून ओरडला. तुम्ही मात्र कूलर काढून, पुसून, पुन्हा बुडवलात. पुन्हा तिथूनच.

नवा कूलर, नवं ऑइल, नवा फिल्टर. खरा घाम गाळलात तो धुण्यात. थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटची वाट अडवणारी झडप) काढून गरम पाणी आणि क्लीनर पुन:पुन्हा फिरवलंत. कपड्यांची पावडर टाकू का, असं मुलाने विचारल्यावर फेस होऊन आत हवा अडकते म्हणून नको म्हणालात. ऑइल पिऊन फुगलेले होज पाईप दाबून दाखवलेत आणि बदललेत. शेवटी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं.

मिस्त्री, तुम्ही मजुरी लावलीत ती केलेल्या कामाची. तपासण्यांत गेलेल्या वेळाचे पैसे मी देऊ केले, ते तुम्ही घेतले नाहीत. ते ऋण कसं फेडावं हे मला समजत नाही, निदान ते सांगता तरी यावं म्हणून हे पत्र.

टाकीवर तुम्ही चिकटवलेल्या पट्टीशी पातळी रोज सकाळी गार इंजिनवर पाहते. सुरुवातीला पृष्ठभागावर पुसट तवंग दिसला. तुम्ही आधीच सांगितलं होतं की कोपऱ्यात राहिलेलं थोडं वर येईल, पुसून टाका आणि वाढतंय का बघा. वाढलं नाही. आईच्या इंजेक्शनची खेप वेळेवर झाली आणि घाटातही काटा हलला नाही.

आणखी एक. सांगलीच्या माझ्या मावसभावाच्या ऑटोमॅटिक गाडीच्या टाकीत गुलाबी साय आली आहे. ऑटोमॅटिकमध्ये गिअरबॉक्सच्या ऑइलचा कूलर बऱ्याचदा रेडिएटरमध्येच असतो आणि ते ऑइल लाल असतं, हे तुम्ही बोलता बोलता सांगितलं होतं. त्याला म्हटलं, गाडी चालवू नको, गिअरबॉक्समध्ये पाणी गेलं असेल. तो सोमवारी टो करून तुमच्याकडे आणतो आहे. कृपया त्याचंही आधी बघा.

तुमची ऋणी,
मलकापूरची एक ताई