टिनटिन रद्दीत जाणार नाही

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा मेसेज वाचला. ब्रसेल्सच्या दुकानात ‘टिनटिन इन द काँगो’ हे चित्रकथेचं पुस्तक हाती लागलं, उभ्या उभ्या वाचलंस आणि तुझं टाळकं सटकलं. ‘आई, माळ्यावरची सगळी टिनटिनं रद्दीत दे’ असं फर्मानच काढलंस. मी देणार नाही. फोनवर सांगायला गेले तर आपली जुंपेल, म्हणून लिहितेय.

राग तुझा रास्तच आहे. ते पुस्तक वाईट आहे, आणि ‘त्या काळी असंच असायचं’ एवढ्यावर ते सुटत नाही. मूळ आवृत्तीत तर टिनटिन मिशनच्या शाळेत काँगोच्या पोरांपुढे उभा राहून सांगतो की आज मी तुम्हाला तुमच्या मायदेशाबद्दल सांगणार आहे, म्हणजे बेल्जियमबद्दल! काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहत. १९४६ मध्ये रंगीत आवृत्तीसाठी हर्जेने, टिनटिनच्या चित्रकाराने, सगळं पुन्हा काढलं, तेव्हा मायदेश गेला आणि फळ्यावर बेरीज आली. काळ्या माणसांचे जाडे ओठ आणि बावळटपणा मात्र जागच्या जागी राहिला. ब्रसेल्समध्ये राहणाऱ्या एका काँगोच्या माणसाने २००७ मध्ये पुस्तकावर बंदी मागितली होती. २०१२ मध्ये कोर्टाने ती नाकारली. बंदी मलाही नको. पण लहान पोराच्या हातात ते एकट्याने पडावं असंही मला वाटत नाही.

आता हे काढणारा कोण होता ते बघ. जॉर्ज रेमी, विशीतला, स्काउटमध्ये वाढलेला ब्रसेल्सचा पोरगा. नावाची आद्याक्षरं उलटी करून तो ‘एर्जे’ अशी सही करायचा. आपण त्याला हर्जे म्हणतो. नोकरी एका कॅथलिक दैनिकात. दैनिकाचे चालक नॉर्बेर वालेझ हे पाद्री, मुसोलिनीचे भक्त. दैनिकाच्या मुलांसाठीच्या पुरवणीत, ‘ल पती व्हँतियॅम’मध्ये, १० जानेवारी १९२९ ला टिनटिन आणि त्याचा कुत्रा पहिल्यांदा आले. पहिली मोहीम रशियाची, कारण कम्युनिस्ट किती वाईट हे पोरांना कळायला हवं होतं. दुसरी काँगोची, कारण वसाहतीबद्दल पोरांना ओढ वाटायला हवी होती. हर्जेने दोन्ही देश पाहिलेले नव्हते. रशियासाठी तर त्याने जवळजवळ एकाच पुस्तकावर भिस्त ठेवली. पण खप असा वाढला की मे १९३० मध्ये एका स्काउट पोराला टिनटिनचा वेश चढवून ब्रसेल्सच्या गार द्यु नॉर स्टेशनावर ‘रशियाहून परत’ आणलं आणि त्याला बघायला गर्दी लोटली. म्हणजे सांगेल ते काढायचं, आणि लोक टाळ्या वाजवतात. अशा ठिकाणी बसलेला माणूस बदलायचं कारण काय?

कारण तुझ्याच लूव्हन गावातून आलं. टिनटिन आता चीनला जाणार असं जाहीर झाल्यावर लूव्हनच्या विद्यापीठातल्या चिनी विद्यार्थ्यांच्या पाद्र्याने हर्जेला कळवलं की बाबा रे, जरा माहिती घेऊन काढ, ही मुलंही वाचतात. मग १९३४ मध्ये त्याची गाठ झांग चोंगरेनशी पडली. झांग शांघायचा, ब्रसेल्सच्या कला अकादमीत शिल्पकला शिकत होता, हर्जेच्याच वयाचा. त्याने हर्जेला चिनी कुंचला कसा धरायचा ते दाखवलं, कविता ऐकवल्या, आणि तिकडे जपानी काय करताहेत तेही सांगितलं.

त्यातून झालेलं चीनचं पुस्तक, ‘ब्लू लोटस’, माळ्यावरून काढून मी पुन्हा पाहिलं. शांघायच्या रस्त्याच्या चित्रांतल्या पाट्यांवरची अक्षरं उगाच ओढलेल्या रेघा नाहीत, खरं चिनी आहे, झांगने घातलेलं. एका ठिकाणी लिहिलंय जपानी मालावर बहिष्कार टाका, एका ठिकाणी साम्राज्यवाद मुर्दाबाद. बेल्जियमच्या पोरांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि त्यांच्या नाकासमोर ही घोषणाबाजी चालली होती! १९३१ ची मुकदेनची घटना, जपान्यांनी स्वतःच रेल्वे उडवून चिन्यांवर आळ घेतला ती, कथेत जवळजवळ जशीच्या तशी आहे. आणि पुरातून वाचवलेला चँग, झांगवरूनच बेतलेला चिनी पोरगा, टिनटिनला विचारतो की तू मला का वाचवलंस, मला वाटायचं गोरे सगळे दुष्ट. त्यावर टिनटिन हसून आमच्याकडे तुमच्याबद्दल काय काय समजुती आहेत त्याची यादीच वाचतो: चिनी कुजकी अंडी खातात, पोरींचे पाय बांधतात, तान्ही मुलं नदीत टाकतात. दोघंही पोट धरून हसतात. काँगो काढणारा तो हात आणि हे काढणारा हाच हात, मध्ये चार वर्षंसुद्धा नाहीत.

लगेच विरघळू नकोस. त्याच पुस्तकातले जपानी पुढे आलेल्या दातांचे आणि डुकरासारख्या नाकाचे आहेत. एका माणसाशी मैत्री झाली म्हणून सगळ्या जगाकडे बघायची नजर सुधारते असं नाही. पुढे १९४० मध्ये जर्मन आले, जुना पेपर बंद पडला, तर हर्जे ‘ल स्वार’ या जर्मनांच्या ताब्यातल्या दैनिकात रुजू झाला. कॅप्टन हॅडॉक, प्रोफेसर कॅलक्युलस, ज्यांच्यावर तुझा जीव होता, ते या दिवसांतले. आणि ‘शूटिंग स्टार’मधला खलनायकही याच दिवसांतला: ब्लुमेनस्टाईन नावाचा, ज्यू माणसाच्या ठरावीक टिंगलचित्रातून उचललेला अमेरिकन बँकवाला. नंतर नाव बदललं, अमेरिकेच्या जागी एक काल्पनिक देश घातला, नाक तेच. हे मला काँगोपेक्षा जास्त खुपतं. काँगोच्या वेळी तो अजाण होता असं म्हणता येईल, इथे म्हणता येत नाही. सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रसेल्स मुक्त झाल्यावर त्याला अटक झाली, कामावर बंदी आली. त्यातून बाहेर काढलं ते रेमाँ लब्लाँ या भूमिगत चळवळीतल्या माणसाने. १९४६ मध्ये त्याने ‘टिनटिन’ साप्ताहिकच काढलं.

चंद्रावरची दोन पुस्तकं, स्टुडिओ, कीर्ती, ते सगळं तुला पाठ आहे. तू पुन्हा वाचावंस असं मला वाटतं ते ‘टिनटिन इन तिबेट’. झांग १९३५ मध्ये मायदेशी गेला. पुढे युद्ध, क्रांती, काही पत्ता नाही. १९५८ च्या सुमारास हर्जेचा संसार मोडायला आला होता, रात्री सगळं पांढरंफेक दिसणारी स्वप्नं पडायची. मनोविश्लेषकाने काम थांबवा म्हणून सांगितलं. त्याने थांबवलं नाही, बर्फाने भरलेली गोष्ट काढली. पाटण्याहून काठमांडूला जाणारं विमान हिमालयात कोसळतं, त्यात चँग असतो, आणि सगळे मेला म्हणत असताना टिनटिन त्याला शोधायला निघतो. या गोष्टीत खलनायकच नाही. वाटेत दिल्ली आहे, कुतुबमिनार आहे, आणि रस्त्यात बसलेल्या गायीवरून ओलांडायला गेलेला हॅडॉक तिच्या पाठीवर बसून गावभर फिरतो. विमान कंपनीच्या नावावरून एअर इंडियाने तक्रार केली म्हणून पुस्तकात ‘सारी एअरवेज’ झालं, ही गंमत तुझ्या बाबांची फार लाडकी आहे.

खरा झांग सापडला. १९८१ मध्ये तो ब्रसेल्सला आला, कॅमेऱ्यांच्या गराड्यात दोघे म्हातारे भेटले. दोन वर्षांनी हर्जे गेला. चोविसावी गोष्ट कच्च्या रेखाटनांतच राहिली. तिच्या शेवटच्या पानावर टिनटिनला पुतळ्यात कोंडायला घेऊन चाललेत, आणि पुढे काही नाही. आपल्यामागे दुसऱ्या कुणी टिनटिन काढू नये अशी त्याची इच्छा होती, आणि ती पाळली गेली. ॲस्टेरिक्सच्या चित्रकथेचं पुढे दुसऱ्यांनी चालवलं, ते वाईट नाही. पण इथे थांबले ते बरं झालं. नाहीतर कुणीतरी बसून काँगोची डागडुजी करणारी नवी गोष्ट काढली असती, आणि ती तुला आवडलीही असती.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आई