माळीकाका, आमची मेंदी जगली

आदरणीय माळीकाका,

तुमच्याकडे साधा मोबाइल, म्हणून हे पत्र तुमच्या नातीनं तुम्हाला वाचून दाखवावं ही विनंती. आमची मेंदी जगली. काही काड्या वाळल्या, पण बहुतेकींनी मूळ धरलं आणि आता त्या कुंपणाच्या रेषेत जमिनीत उभ्या आहेत.

नागपुरात मानेवाड्यातल्या आमच्या घराचं ते कुंपण आई-बाबांनी मिळून लावलं होतं. बाबा गेले, काचबिंदूनं आईची नजर गेली, पण मेंदी फुलली की तिला वासावरून आधी कळायचं. उन्हाळ्यात रस्त्याचं काम निघालं आणि ठेकेदाराच्या माणसांनी न विचारता मशीननं सगळं उपटून टाकलं. "लावून देतो" म्हणाले, नंतर फोनच उचलेनात. कोपऱ्यातलं एक झुडूप तेवढं वाचलं.

मग एका नर्सरीवाल्यानं ऐन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कुंपणासाठी दुरांटा नावाच्या झुडपाची रोपं गळ्यात मारली. नागपूरचं ४५ अंशांचं ऊन, भेगाळलेली काळी माती. रोपं बघता बघता करपली. तक्रार केली तर मला म्हणतो, "जुन्या मेंदीचं काय घेऊन बसलात, म्हातारीला समजवा." आई समोरच खुर्चीवर बसली होती. तिला दिसत नाही, ऐकू तर येतं! ते आठवलं की अजूनही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

तुम्ही आलात आषाढातल्या झडीत. उरलेलं झुडूप पाहून आईला म्हणालात, "काहून चिंता करता बाई, याच्यातूनच सारं कुंपण उभं होते." बियांपासून आलेलं झाड थोडं वेगळं निघू शकतं, काडीपासून आलेलं मात्र तेच झाड असतं, हे तुम्ही तिला नीट समजावलंत. म्हणजे बाबांच्या हातचीच मेंदी. आई कितीतरी वेळ काही बोलली नाही.

पुढे तुम्ही कन्हान नदीची रेती मागवलीत, कारण काळी माती पाणी धरून बसते आणि काडी सडते. सावली, पाणी, बाकीचं सगळं केलंत, ते इथे लिहीत बसत नाही. मला सांगायचं आहे ते वेगळंच. पानं काढलेली काडी घ्यायला मी हात पुढे केला आणि तुम्ही ती आईच्या हातात दिलीत. तिचा अंगठा धरून दोन्ही टोकांवरून फिरवलात. "तिरपा काप खाली, सपाट काप वर. हाताले कळते ना? मंग तुम्हीच लावा." प्रत्येक काडी तुम्ही तशीच कापली होती, तिच्या बोटांना कळावी अशी. नजर गेल्यापासून घरात तिच्या हातून काम काढून घेणारेच सगळे. तिला काम देणारे तुम्ही पहिले. एकही काडी उलटी लागली नाही, काका.

कोवळी पानं फुटली तेव्हा ती हरखली. तुम्ही तिलाही स्पष्टच सांगितलंत, "हे काडीतल्या साठ्यावरचं आहे बाई, मुळं मागून येतात. उपटून पाहू नका." खोटा धीर दिला नाहीत. ज्या माणसांच्या शब्दावर विसंबता येतं, ती अशीच बोलतात. या शहरात अशी माणसं अजून आहेत. मे महिन्यात दारासमोर अनोळखी वाटसरूंसाठी माठ भरून ठेवणारी, कुणाचं नाव न विचारणारी. त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते आहे.

आता मेंदी उंच चालली आहे. शेंडे खुडले नाहीत तर खालून दाट होणार नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात. पहिली छाटणी तुमच्या हातानं व्हावी, असा आईचा आग्रह आहे. शनिवारी या, आणि जेवायलाच या. तिनं झुणका-भाकर ठरवूनही टाकली आहे.

तुमची,
मानेवाड्याच्या बाईंची लेक