बोटीवरचा गट्स

प्रिय पश्या,

इकडे सगळे मजेत, आईचा गुडघा आहे तसाच. लिहायला बसलो कारण काल रात्री आपल्या बर्सर्कमधला, त्या जपानी चित्रकथेतला (मांगातला), अख्खा बोटीचा प्रवास सलग वाचून काढला आणि हे तुला नाही सांगायचं तर कुणाला?

तू तिथेच सोडलंस ना, "हा नायक गट्स बोटीतून उतरेपर्यंत आपली पोरं कॉलेजात जातील" म्हणून. विक्याच्या गच्चीवर केवढे भांडलो होतो! तुझं म्हणणं, पैशासाठी ताणतात. त्या पोरगेल्या गुप्तहेराच्या, कोनानच्या मांगाचं मान्य, १९९४ पासून चालू आहे आणि पोरगं अजून पहिलीतच. पण बर्सर्क काढणाऱ्या मिउराचं तसं नव्हतं रे. लाटेची एकेक रेघ, चिलखताचा एकेक पत्रा, तो माणूस काढतच बसायचा, म्हणून अंकामागून अंक निघायचे आणि आपलं प्रकरण नसायचंच. सलग वाचलं की बोट झपाझप जाते, शप्पत. ग्रहणात, गोष्टीतल्या त्या भयंकर कत्तलीत, गेलेलं गट्सच्या कास्काचं भान २०१८ मध्ये परत आलं, वीसेक वर्षांनी, आणि तेच तू वाचलं नाहीस याचं मला अजून वाईट वाटतं.

तरी काल झोप लागली नाही. मिउरा ५४ व्या वर्षी गेला, मे २०२१ मध्ये. त्याचा शाळेपासूनचा दोस्त कोजी मोरी, त्याला त्याने कधीकाळी शेवटपर्यंतची गोष्ट सांगून ठेवलेली, म्हणून २०२२ पासून मिउराच्याच हाताखालची मंडळी पुढे काढतायत, आणि मोरीचा शब्द आहे की मिउराने सांगितलं तेवढंच, पदरचं काही घालणार नाही. असा दोस्त नसता तर? हंटर × हंटर काढणाऱ्या तोगाशीचं बघ, पाठीने इतका बेजार की २०१८ ते २०२२ एक प्रकरण नाही, त्याच्या गोष्टीतले ते चौदा राजपुत्र अजून जहाजावरच एकमेकांच्या जिवावर उठलेत. आपण मध्येच गेलो तर म्हणून २०२३ मध्ये एक शेवट सांगूनही टाकला त्याने. मला तो नकोय. त्याने बसून, हवी तितकी वर्षं घेऊन काढलेला हवाय, आणि तेवढी वर्षं त्याला मिळतील का या विचाराने पोटात खड्डा पडतो.

बरं, तुझी नवी नोकरी काय म्हणते, रात्रपाळी सुटली का? वहिनींना नमस्कार, चिमीला पापा.

बोटीचे खंड बाजूला काढून ठेवलेत. दिवाळीला आलास की ने, आणि कास्का शुद्धीवर येते तिथवर वाचल्याशिवाय माझ्याशी भांडायला येऊ नकोस.

तुझाच,
मन्या