शुगरच्या शिबिरात भाकरीबद्दलही बोला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या खानापूर भागात शुगर तपासणीची शिबिरं होतात, ही चांगलीच गोष्ट आहे. बोटाला सुई टोचतात, आकडा सांगतात, ‘भात-साखर कमी करा’ म्हणतात आणि पुढच्याला बोलावतात. पण काय सोडायचं एवढंच माणसाला कळतं, काय खायचं ते कुणीच सांगत नाही.

आपल्या शरीरात पेशी जितक्या, साधारण तितकेच जिवाणू आहेत, आणि त्यांतले बहुतेक मोठ्या आतड्यात. भाकरीतला कोंडा, हुलगे-मटकीतला चोथा आपल्याला पचत नाही. तेच त्यांचं खाणं. ते आंबवून जिवाणू ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. मोठ्या आतड्याचं अस्तर मुख्यतः त्यावर पोसतं. भूक आवरणारी आणि इन्शुलिनला हातभार लावणारी संप्रेरकं सुटायलाही याच आम्लांची मदत होते. चोथा मिळाला नाही, तर हे जिवाणू आतड्यावरचा बुळबुळीत संरक्षक थरच खाऊ लागतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

मग चांगल्या जिवाणूंच्या कॅप्सूल घेतल्या की झालं? तसं नाही. 2013 साली अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी, एक लठ्ठ आणि एक सडपातळ अशा जुळ्या बहिणींचे जिवाणू जंतुरहित उंदरांत सोडले. लठ्ठ बहिणीचे जिवाणू मिळालेल्या उंदरांची चरबी वाढली. दोन्हीकडचे उंदीर एकाच पिंजऱ्यात ठेवल्यावर सडपातळ बहिणीकडचे जिवाणू लठ्ठ बहिणीकडच्या उंदरांतही रुजले आणि चरबी आटोक्यात राहिली. पण खाण्यात चोथा भरपूर आणि चरबी कमी असेल तेव्हाच. भाज्या-फळं कमी नि चरबी जास्त असं खाणं दिल्यावर ते जिवाणू रुजलेच नाहीत.

आणि आपण काय खातो? सकाळी चहात खारी-बटर, दुपारी पॉलिशचा पांढरा भात, रात्री पुन्हा तोच. जोंधळ्याची भाकरी पाहुणे आल्यावर, हुलग्याचं माडगं सर्दी झाल्यावर, नाचणीची आंबील उन्हाळ्यात चार दिवस. पिकवणाऱ्या घरांतही हीच तऱ्हा, याचं फार वाईट वाटतं. भात सुटत नसेल, तर निवलेल्या भातातला काही स्टार्च न पचता जिवाणूंपर्यंत पोचतो. म्हणून दहीबुत्ती, म्हणजे निवलेला दहीभात, गरम भातापेक्षा बरी, अर्थात बेतानं. कडधान्यं मात्र हळूहळू वाढवावीत, एकदम वाढवली तर पोट फुगतं. शुगरच्या गोळ्या कुणी आपल्या मनानं बंद करू नयेत.

शिबिरं घेणाऱ्या डॉक्टरांना आणि आशाताईंना माझी विनंती आहे, की आकड्याबरोबर भाकरी, उसळ, पालेभाजी, ताक यांचा एक साधा कागद मराठीत आणि कन्नडमध्ये हातात द्यावा. आपणही आरोग्याच्या पानावर आपल्या भागातल्या धान्य-कडधान्यांना नेमानं जागा द्यावी.

आपला,
एक वाचक, ता. खानापूर, जि. बेळगाव