वॉटर पंप आणि अडीच फुटी रेल्वे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्यात बार्शीतला साखरपुडा आटोपून बहिणीकडे कुर्डुवाडीला निघालो होतो. वाटेत आमच्या मारुती ८००चा काटा लालवर गेला. एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढलीत, बॉनेट उघडताच कळलं, वॉटर पंप गळतोय. रस्त्यावरच्या गॅरेजवाल्या पोराने मात्र आधी रेडिएटर खोलला, मग होज बदलला आणि दुपारी बारा वाजता म्हणाला, "काका, पंपच गेलाय की हो. त्याला टायमिंग बेल्ट पण काढावा लागतंय." पंप बार्शीहून यायचा होता. मी गप्प बसलो. दुसऱ्याच्या हातात पाना असला की आपण बोलू नये.

पंप येईपर्यंत काय करायचं? मागे बाभळीत एक दगडी खोली दिसली. "जुनं टेशन हाय ते," पोरगा म्हणाला. कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा डबा घेऊन तिथेच सावलीला गेलो.

बार्शी लाइट रेल्वेचं, म्हणजे इथल्या जुन्या अरुंद रुळांच्या गाडीचं स्टेशन! आषाढीला वडिलांबरोबर याच छोट्या गाडीने मी कुर्डुवाडीहून पंढरपूरला गेलोय. फलाट जेमतेम वीतभर उंच. तिकिटाच्या खिडकीचे गज गेलेत, दार गेलंय, आत शेळ्या. रूळ तर गेज (दोन रुळांमधलं अंतर) बदललं तेव्हाच उचलले, पण पुढच्या मोरीवरून मूळ रस्ता किती अरुंद होता ते कळतं.

१८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ही अडीच फुटी लाइन बार्शीपर्यंत आणली. पुढे ती १९११ला लातूरला आणि १९२७ला मिरजेला पोचली. त्याचा हिशेब मला मेकॅनिक म्हणून फार आवडतो. इंजिन असो की डबा, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ पुरतात आणि खर्च आटोक्यात राहतो. भरलेल्या लाल डब्याच्या मागच्या आसावरही याहून जास्त वजन असतं! २००८मध्ये कुर्डुवाडी-लातूर मार्ग ब्रॉडगेज झाला. सोय झाली, तक्रार नाही.

तक्रार एवढीच, की त्या खोलीवर साधी पाटीसुद्धा नाही. गॅरेजमधल्या पोराला ते स्टेशन कुठल्या गाडीचं हे माहीत नव्हतं, आणि त्याचं घर तिथून हाकेवर आहे. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उरलेली कौलंही जातील. रेल्वेने विचारलं तर जागा दाखवायला येईन.

संग्रहालय वगैरे नको. दाराला कुलूप आणि भिंतीवर लाइनचं नाव, साल, रुळांची रुंदी, बस. गाडी साडेपाचला सुरू झाली, तोवर मी मनात पाटीचं मापही धरलं होतं : तीन फूट बाय दोन. पत्रा माझा, रंग माझा. भिंतीला चार भोकं पाडायची परवानगी तेवढी मिळावी.

आपला,
एसटीचा एक निवृत्त मेकॅनिक,
जुळे सोलापूर