नानांचा चेहरा

चि. तेजस,
अनेक आशीर्वाद.

आखाजीला तू घरी आलास, नोकरी कायम झाल्याचं पत्र नानांच्या हातात दिलंस आणि ते नुसते तुझ्याकडे बघत राहिले. ना हसले, ना पाठीवर हात ठेवला. तू त्याच रात्री पुण्याची गाडी धरलीस. "नानांना माझं काही वाटतच नाही," असं आईला फोनवर म्हणालास. ते माझ्या मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो.

नानांना कंपवात आहे हे तुला माहीत आहे, पण कंपवात म्हणजे हाताची थरथर एवढंच तू धरतोस. आम्हीही तेच धरून बसलो होतो. परवा फडताळातून त्यांच्या कापूस वेचणीच्या वह्या काढल्या. जुन्या वहीत मजुरांची नावं, किलो, पैसे, सगळं टपोऱ्या अक्षरात. पुढे वर्षागणिक अक्षर बारीक होत गेलंय. शेवटच्या वहीत तर ओळ बरी सुरू होते आणि संपेपर्यंत मुंगीएवढी होते. तेव्हा हात थरथरतही नव्हता. त्याच सुमारास अंगणात पऱ्हाटीच्या जाळावर भरताची वांगी भाजत होतो, तेव्हा नाना म्हणाले, मला वासच येत नाही. मी म्हटलं, सर्दी असेल. वास जाणं, अक्षर बारीक होणं, ही याच आजाराची खूण असू शकते हे मला कुठे ठाऊक होतं! आम्ही आपले त्यांना आळशी झालात, तुसडे झालात म्हणत राहिलो. ज्या डॉक्टरांना आधी दाखवलं तेही म्हणाले, वय झालं. दोन वर्षं त्यात गेली. त्याची खंत मला जन्मभर राहील.

मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. दोन पेशींच्या मध्ये बारीक फट असते, आणि एक पेशी त्या फटीत रसायन सोडून दुसरीला निरोप देते. डोपामाइन हे त्यातलंच एक. मोबाइलवर त्याला 'आनंदाचं रसायन' म्हणतात, पण ते अर्धंच खरं. मनात आलेली हालचाल अंगात सुरू करून द्यायलाही तेच लागतं. मध्यमेंदूच्या एका काळसर भागातल्या पेशी ते तयार करतात आणि नानांच्या त्याच पेशी मरत चालल्यात. हसू म्हणजे तरी काय, गालाच्या स्नायूंची हालचालच ना? म्हणून चेहरा मुखवट्यासारखा राहतो. आत काय चाललंय ते त्यावरून ठरवू नकोस.

१९५७ साली स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी सशांना रेसरपिन दिलं. हे औषध आपल्या सर्पगंधेच्या मुळांतून निघतं. ससे कान पाडून निपचित बसले. मग मेंदूत ज्याचं डोपामाइन होतं ते एल-डोपा त्यांना टोचलं, तर थोड्याच वेळात उठून फिरायला लागले. या कामासाठी त्यांना २००० साली नोबेल मिळालं. हे वाचलं तेव्हा मला नाना ओट्यावर तासन् तास बसलेले दिसले, आणि त्यांना आम्ही काय काय बोललो ते आठवलं.

नानांच्या गोळीत तेच एल-डोपा आहे. डोपामाइन नुसतं दिलं तर रक्तातून मेंदूत शिरत नाही, एल-डोपा शिरतं आणि तिथे त्याचं डोपामाइन होतं. खाजकुयलीच्या बियांतही ते असतं. गावातला एकजण त्याचं चूर्ण घेऊन आला होता, पण बीत किती आहे याचा भरवसा नाही, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय देणार नाही असं मी त्याला सांगितलं. प्रथिनं जास्त पोटात गेली की गोळी नीट लागू होत नाही, म्हणून आई आता कळण्याची भाकरी आणि उडदाची डाळ वाढायच्या अर्धा तास आधी गोळी देते. पूर्वी जेवणावरच द्यायची आणि दुपारभर नाना जखडलेले असायचे.

तू फोन सकाळी साडेनऊला कर. आठची गोळी तोवर लागलेली असते. विचारलंस की थांब. आम्ही मोजून पाहिलंय, कधी कधी दहा आकडे होतात तेव्हा उत्तर येतं. मध्येच दुसरं विचारलं की पहिलं हरवतं.

त्या रात्री तुझी गाडी अमळनेरहून सुटली असेल, तेव्हा मी नानांना अंथरुणावर निजवत होतो. तुझं पत्र त्यांच्या बंडीच्या खिशात घडी करून ठेवलेलं होतं. मी काढायला गेलो तर त्यांनी हात धरला. बऱ्याच वेळाने, अगदी हळू आवाजात विचारलं, "पोऱ्या जेवना का?"

तुझा,
बाबा